भिंत वाजवून बघणारे मिस्त्री

खोली दाखवायच्या आधी मिस्त्रींनी माझी छाती वाजवून पाहिली.

अगदी तसंच घडलं. मी नुकताच डॉक्टर झालो होतो. सोलापुरात ना नातं ना ओळख. साखर पेठेत एका मिस्त्रींच्या घरी खालची खोली दवाखान्याला आणि वरची राहायला मिळेल असं कळलं, म्हणून त्यांच्या दारात जाऊन उभा राहिलो. दार त्यांनीच उघडलं. पन्नाशी उलटलेला, काटकुळा माणूस. भुवया जळून गेलेल्या, त्यामुळे चेहऱ्यावर कायमचं आश्चर्य.

"काय करता?"

"डॉक्टर आहे."

"म्हंजी कापाकापी?"

"नाही. तपासतो, औषध देतो."

"म्हंजी माणूस न फोडता आत काय हाय ते सांगता?"

माझ्या धंद्याचं असं वर्णन मी कधी ऐकलं नव्हतं. "प्रयत्न करतो," म्हणालो.

"कसं?"

मी डाव्या हाताचं मधलं बोट माझ्याच छातीवर टेकवलं आणि उजव्या हाताच्या बोटानं त्यावर ठोकून दाखवलं. मिस्त्री पुढं आले, माझा हात बाजूला सारला आणि आपलं चिरा पडलेलं बोट माझ्या सदऱ्यावर ठेवून चार ठिकाणी वाजवलं. मान तिरकी, डोळे मिटलेले.

"पोकळ हाय," ते गंभीरपणे म्हणाले.

"तिथं पोकळच असायला हवं. आत हवा असते."

"मग ठीक हाय. या, खोली बगा."

पुढं सहा वर्षं मी त्या घरात राहिलो.

मिस्त्री एका कापडगिरणीत भट्टीच्या भिंतींचं काम बघायचे. सोलापूर तेव्हा भोंग्यावर उठायचं आणि भोंग्यावर जेवायचं. गिरणी चालायची वाफेवर, वाफ व्हायची बॉयलरात, आणि बॉयलर तापायचा भट्टीवर. पण ती आग कशाच्या आत कोंडलेली असते, हे शहरात फार थोड्यांना ठाऊक होतं. भट्टीला आतून आगीच्या विटांचं अस्तर असे. त्या फिकट पिवळ्या, वजनदार विटा लांबून बोटीनं आणि मग आगगाडीनं यायच्या. त्यांच्यामागं साध्या लाल विटांची भिंत. आतलं अस्तर शाबूत आहे तोवर सगळं ठीक. ते सुटलं, पोकळ झालं, तर एक दिवस भिंत आत कोसळणार आणि ज्वाळा दारातून बाहेर येणार. दारासमोर कोळसा टाकणारा माणूस उभा असतो.

अस्तर कसं आहे ते बघायचा सोपा उपाय म्हणजे ते फोडून बघणं. पण एकदा फोडलेली भिंत पुन्हा जुन्यासारखी बसत नाही, नव्या विटा यायला महिने लागतात, आणि तोवर गिरणी बंद. मिस्त्रींचं म्हणणं होतं की फोडून काय, म्हशीलाबी कळतंय. न फोडता कळलं पाहिजे.

त्यासाठी त्यांच्याकडं एक हातोडी होती, बाभळीच्या दांड्याची, लहान मुलाच्या मुठीएवढ्या डोक्याची. भट्टी थंड असली की ते आत शिरून एकेक वीट वाजवायचे. भट्टी चालू असली तर बाहेरच्या भिंतीला पातळ चुन्याचा हात द्यायचे आणि समोर उकिडवे बसून कुठला भाग आधी सुकतो ते बघायचे. जिथं आधी सुकेल तिथं आतलं अस्तर झिजलेलं. एखाद्या सांध्याजवळ मेणबत्ती धरायचे. ज्योत आत ओढली गेली की भेग आरपार गेलेली. एवढीच त्यांची हत्यारं. खिशात खडू असायचा. संशय असेल तिथं गोल, खात्रीनं वाईट असेल तिथं फुली. चांगल्या विटेला काहीच नाही.

ही सवय त्यांनी घरी आणली नसती तर काकूंचं आयुष्य सुखाचं झालं असतं.

काकू म्हणजे मिस्त्रींच्या पत्नी. माहेर वळसंगच्याही पलीकडचं, त्यामुळे रागावल्या की कानडीत जायच्या. त्या ज्वारीची कडक भाकरी करायच्या, पापडासारखी पातळ, महिनाभर टिकणारी. मिस्त्री ताटातली भाकरी आधी उचलून कानाशी धरायचे आणि नखानं वाजवायचे. एकदा त्यांनी चक्क एका भाकरीवर खडूनं गोल काढला. काकूंनी ते ताट उचललं, आत नेलं आणि "साकु!" एवढंच म्हणाल्या. साकु म्हणजे कानडीत पुरे. त्या दिवशी मिस्त्री माझ्याबरोबर खाणावळीत जेवले, आणि तिथली भाकरी मऊ असल्यामुळे वाजवता आली नाही म्हणून हळहळले.

गल्लीतल्या बायकांना मात्र त्यांचा मोठा आधार होता. उन्हाळा लागला की कुंभार वेशीत माठ घ्यायला निघालेली प्रत्येक बाई मिस्त्रींना हाक मारून जायची. ते आले की कुंभार हात जोडायचे. "मिस्त्री, तुमी बसा, च्या घ्या, पण हात लावू नका." पण मिस्त्री पन्नास माठ वाजवणार, त्यातले सहा बाजूला काढणार, आणि त्या सहांपैकी एकही कधी गळणार नाही.

एकदा त्यांनी माझी छातीची नळी मागून नेली. रोग्याला तपासायला घ्यावी तर खुंटी रिकामी. संध्याकाळी मिस्त्री परत आले ते नळी गळ्यात घालून, काळ्याकुट्ट तोंडानं. गल्लीतल्या एका म्हातारीनं त्यांनाच डॉक्टर समजून नमस्कार केला.

"कसं वाटलं?" मी विचारलं.

"न्हाय बा. हिच्यात सगळंच ऐकू येतंय. कोळसा टाकल्याला, कुणीतरी खोकल्याला, माझंच काळीज. चांगलं-वाईट निवडायचं कसं? तुमाला लई तरास हाय डागदर."

नळी मी तीनदा धुतली. तरी पुढचा आठवडाभर माझे रोगी छातीवर काळं वर्तुळ घेऊन घरी जात होते.

मग एका वर्षी उन्हाळ्यात भलतंच झालं. शेजारच्या मागवाल्यांच्या घरातल्या सूनबाईंनी मिस्त्रींनी निवडलेला माठ भरून ठेवला, आणि सकाळी खाली तळं. त्या बिचाऱ्या काही बोलल्या नाहीत, पण गल्लीला कळायचं ते कळलं. मिस्त्रींनी तो माठ मागून आणला, ओसरीवर ठेवला आणि दुपारभर त्याच्यासमोर बसून राहिले. वाजवत होते, थांबत होते, पुन्हा वाजवत होते. त्यानंतर ते कुंभार वेशीत गेले नाहीत. घरात भाकरी वाजेनाशी झाली. काकूंना बरं वाटायला हवं होतं, पण त्याच मला म्हणाल्या, "डागदर, ह्यांचं काय तरी बिनसलंय बगा. चार दिस झालं, निमूट जेवत्यात."

पावसाळा गेला, दिवाळीही गेली. मग एका दुपारी दवाखान्यात कुणी नाही असं बघून मिस्त्री आले आणि रोग्यांच्या बाकावर टेकले.

"एका माणसाला ऐकू कमी येतंय."

"कुणाला?"

"हाय एक जण. तुमच्या वळकीचा न्हाय."

"त्याला घेऊन या."

"त्यो येनार न्हाय. त्याचं पोट हाय कानावर."

मी उठलो, त्यांची मान खिडकीकडं वळवली आणि कानात पाहिलं. त्यांनीही मग त्या दुसऱ्या माणसाचं सोंग सोडून दिलं. उजव्या कानात मळ होता, पण मळ म्हणावं असा नव्हे. तीस वर्षांची काजळी त्यात बसून तो काळ्या दगडासारखा झाला होता. डाव्या कानाचा पडदा फार जुना फाटलेला. त्याला माझ्याकडं इलाज नव्हता, आणि मी तसं सांगितलं.

"आन् उजवा?"

"उजवा निघेल."

तीन दिवस कोमट तेल घातलं. चौथ्या दिवशी पिचकारीनं पाणी सोडलं, आणि तो खडा ताटलीत टण्णकन पडला. मिस्त्रींनी दचकून माझ्याकडं पाहिलं. बाहेर टांगा गेला, पलीकडच्या गल्लीत माग चालू होते, कुणीतरी जिन्यावरून उतरलं. ते मान फिरवून सगळं गोळा करत होते. संध्याकाळी मात्र तक्रार घेऊन आले.

"डागदर, ही बाई बोलती किती! कानडीत काय काय म्हनती मला, हे दोन वरसं कळलंच न्हवतं."

"मग पुन्हा खडा घालू?"

"ऱ्हाऊ द्या."

हसलो आम्ही, पण त्यांच्या मनातला खडा निघाला नव्हता. दोन वर्षं आपण बहिऱ्या कानानं भिंती पास केल्या, ही गोष्ट त्यांना खात होती. आणि आताचा हा एक कान तरी खरं सांगतो का, याचीही खात्री नव्हती.

जानेवारीत गड्ड्याची यात्रा भरली. यात्रेला गिरणी बंद असे, आणि भट्ट्या थंड करून तपासायला वर्षातले तेवढेच दिवस मिळत. त्या वर्षी गिरणीत नवे इंजिनिअरसाहेब आले होते. तरुण, मुंबईकडचे, डोक्यावर सोलाहॅट, हातात विजेरी. मनुष्य वाईट नव्हता, पण दिसल्याशिवाय कशावर विश्वास ठेवायचा नाही हे त्याला कॉलेजात शिकवलेलं होतं. भट्टीत विजेरी मारून त्यानं सांगितलं, की डावी भिंत सगळी उतरवायची. डाव्या भिंतीवर भेगांचं जाळं पडलं होतं. गुदामात नव्या विटा होत्या त्या एकाच भिंतीला पुरतील एवढ्या.

त्या सकाळी माझ्या दवाखान्यात पाच-सहा रोगी बसले होते. मिस्त्री सरळ आत आले आणि माझा हात धरला.

"चला. सायेब चांगली भिंत पाडतोय आन् वाईट तशीच ठेवतोय. म्या सांगितलं. पन मला एकच कान हाय, डागदर. तुमाला दोन हायती. तुमी वाजवून सांगा."

"अहो, मला भिंतीतलं काय कळतं?"

"छातीतलं कळतंय न्हवं?"

गिरणीत पोचलो, तेव्हा आवारात शुकशुकाट होता. भट्टीच्या तोंडासमोर कोळसा टाकणारा एक आगवाला तेवढा फावड्यावर हात टेकून उभा होता, बहुधा सुट्टीतही राखण करायला ठेवलेला. मी कोट काढून त्याच्याकडं दिला आणि मिस्त्रींच्या मागोमाग रांगत भट्टीत शिरलो. आत राखेचा वास, पायाखाली जळक्या कोळशाचे खंगर, आणि कंदिलाच्या उजेडात चारी बाजूंना तकतकीत भिंती. कमरेत वाकूनच उभं राहता येत होतं.

मिस्त्रींनी हातोडी माझ्या हातात दिली. "मी काय सांगनार न्हाय. तुमीच बगा. वाईट लागंल तितं खडू मारा."

आधी डावी भिंत वाजवली. भेगा होत्या खऱ्या, पण प्रत्येक वीट खणखणीत बोलत होती. उजवीही तशीच. मागचीही. मग मी वळून दारावरच्या भिंतीकडं आलो. ही सगळ्यांत देखणी होती. आगीनं तिच्यावर काचेसारखा लेप चढवला होता. एकही भेग नाही. टण्, टण्, टण्, आणि मग धप्. मी पुन्हा वाजवलं. धप्. छातीत पाणी झालेला रोगी बसवून पाठ वाजवावी आणि एका बरगडीखाली आवाज एकदम मरावा, तसंच. तो मेलेला भाग कुठून कुठपर्यंत आहे हे बघत मी सरकत गेलो आणि खडूनं गोल काढला.

मिस्त्रींनी कंदील वर धरला. माझ्या गोलाच्या कडेनं काजळीत नखानं ओढलेल्या बारीक रेघा होत्या. त्यांनी आधीच केलेल्या खुणा. दोन्हींत बोटभराचाही फरक नव्हता.

"कान खरा हाय म्हंजी," ते म्हणाले, आणि त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला.

बाहेर आल्यावर साहेबांनी माझं म्हणणं नीट ऐकून घेतलं. मी इंग्रजी शब्द वापरले, त्याचाही उपयोग झाला असावा. ते हसले, पण टिंगलीनं नव्हे. "डॉक्टर, तुमच्या रोग्याला मी न बघता औषध देऊ शकत नाही. एक काम करू. त्या गोलातली एकच वीट काढून पाहू."

मिस्त्रींचा चेहरा उतरला. "सायेब, इतक्या वरसांत ईट काडून दावायची पाळी माझ्यावर आली न्हाय."

"मग डावी उतरवतो. मला सही करायची आहे."

मिस्त्रींची नजर माझा कोट सांभाळत उभ्या असलेल्या आगवाल्याकडं गेली. तो ज्या जागी उभा होता तिथली फरशी वर्षानुवर्षांच्या पायांनी झिजून खोलगट झाली होती.

"काडा," मिस्त्री म्हणाले. "पर आत कुनी जायाचं न्हाय. बाजूच्या झरोक्यातनं लांब पहार घाला."

पहार साहेबांनी स्वतः घेतली. मिस्त्री भट्टीकडं पाठ करून उभे राहिले. हे बघणं त्यांच्यानं होणार नव्हतं. दोन-तीन टोल्यांत ती वीट हलली आणि खाली पडली. क्षणभर काहीच नाही. मग आतून धबाधब आवाज झाला, दारातून, झरोक्यातून राखेचा लोट बाहेर आला आणि साहेबांची हॅट पांढरी झाली.

"आनिक सा पडल्या," मिस्त्री पाठमोरेच म्हणाले.

धूळ बसल्यावर साहेबांनी विजेरी आत धरून मोजलं. "पहिली सोडून सात," ते म्हणाले.

"मग एक राखंवर पडली आसंल," मिस्त्री पुटपुटले. ही सातवी वीट त्यांना पुढं कित्येक दिवस सलत होती.

साहेबांनी झरोक्यातून हात घालून पाहिला. अस्तराच्या मागं त्यांचा हात कोपरापर्यंत गेला. हात बाहेर काढून ते भट्टीच्या तोंडाशी आले आणि त्या झिजलेल्या फरशीकडं बघत राहिले. आगवाल्यानं माझा कोट घाईघाईनं माझ्याकडं दिला आणि तो त्या जागेवरून दोन पावलं बाजूला सरकला.

"नव्या विटा दारावर लावा," साहेब म्हणाले. "डावीला हात लावायचा नाही." मग सहज म्हणून त्यांनी विचारलं, "ही दारावरची कुणी बांधली होती?"

मिस्त्री हातोडी धोतराच्या सोग्याला पुसत होते. "म्या."

साहेबांनी विजेरी डाव्या भिंतीकडं वळवली.

"आणि डावी?"

"ती पैल्या मिस्त्रीची. आता घरीच असतोय. आमचं बोलनं न्हाय."

परत निघालो तेव्हा सगळं शहर यात्रेच्या दिशेनं चाललं होतं. आम्ही उलटे. पेठेच्या वळणावर मिस्त्री आमच्या गल्लीत वळले नाहीत, सरळ तुळजापूर वेशीकडं चालू लागले. मी म्हणालो, "कुठं?" तर म्हणाले, "चला की."

वाटेत त्यांनी सांगितलं. दोघांनी एकाच वेळी गिरणीत काम धरलेलं, एकाच ताटात जेवलेले. मग दोन विटांच्या सांध्यात माती किती जाड भरायची यावरून वाजलं. तो म्हणे कागदाएवढी, हे म्हणत बोटाएवढी. शब्दाला शब्द वाढला आणि बोलणं तुटलं. ते पंधरा वर्षं तुटलेलंच.

एका ठेंगण्या घराच्या ओट्यावर एक जाडजूड म्हातारा सुपात भुईमुगाच्या शेंगा फोडत बसला होता. मिस्त्री त्याच्यासमोर जाऊन उभे राहिले. अंगावर अजून भट्टीची राख.

"तुजी डावी भिंत चांगली हाय," ते म्हणाले.

म्हाताऱ्यानं वर पाहिलं नाही. "म्हाईत हाय मला."

एक शेंग फुटली. दुसरी फुटली.

"माजी दारावरची पडली."

आता त्यानं मान वर केली. मला वाटलं, आता पंधरा वर्षांचं सगळं व्याजासकट निघणार. त्यानं मिस्त्रींना डोक्यापासून पायापर्यंत पाहिलं.

"सांदा जाड भरला असशील."

"व्हय."

"कुनाला लागलं?"

"न्हाय. भट्टी थंड हुती."

म्हाताऱ्यानं सूप उचलून पलीकडं ठेवलं आणि ओट्यावरची टरफलं हातानं झाडली. "बस," तो म्हणाला.

मिस्त्री बसले. त्यानं मूठभर शेंगा त्यांच्यापुढं टाकल्या. दवाखान्यात माझे रोगी सकाळपासून खोळंबले होते, आणि मला कुणी बसा म्हटलंही नव्हतं, म्हणून मी निघालो. कोपऱ्यावर पोचून मागं वळून पाहिलं, तेव्हा दोघेही एकाच वेळी बोलत होते.